आधी जू मोज

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि मोबाईलवर धाडलेले सातही फोटो मिळाले. फोटो नातवाकडून मोठे करून घेतले. सुताएवढा फरक आता मला चष्म्यातूनही लवकर कळत नाही. तू लिहितेस, तान्ह्या पोळ्यात, पोरांच्या लाकडी बैलांच्या सणात, तुझ्या बंडीकडे, म्हणजे छोट्या बैलगाडीकडे, कोणी वळून पाहिलं नाही आणि गावच्या नाटकात तुझी तलवार निघाल्याबरोबर पोट्टे हसले. "कुठं चुकलं ते सांगा काका, कौतुक नको." हे वाचलं आणि म्हटलं, हिला नीट उत्तर लिहायचं. माझ्याकडे येणारी बहुतेक पोरं कौतुकासाठीच येतात.

तुझ्या हातात काही खोट नाही. गडबड एवढीच झाली की बंडी तू लांबून पाहण्यासाठी केलीस आणि तलवार नाकाशी धरून पाहण्यासाठी. व्हायला हवं होतं उलटं.

तलवारीचं आधी घेऊ, ते लवकर आटोपतं. मुठीवरची वेलबुट्टी चौथ्या फोटोत पाहिली. सुरेख आहे, चार-पाच रात्री तरी खाल्ल्या असतील तिनं. पण मांडवात तिसऱ्या ओळीच्या मागं ती कोणाला दिसली? मागच्या माणसाला दिसते पात्याची रेघ, आणि नटाच्या मनगटावर पडलेला भार. तुझी तलवार नुसत्या थर्माकोलची. राजानं ती उपसली आणि ती मोरपिसासारखी लवली. पोट्टे तलवारीला नाही हसले, राजाला हसले.

पुढच्या वेळी आत बांबूची चपटी कामटी घाल, मुठीच्या बुडापासून टोकापर्यंत अखंड. पातं त्या कामटीवर फोम शीटचं चढव. मुठीच्या बुडाच्या गोळ्यात सायकलचे जुने नट भर, म्हणजे वजन हाताशी राहतं आणि मनगट आपोआप ताठ होतं. टोक अंगठ्याच्या नखासारखं गोल ठेव. लढाईच्या प्रवेशात अंधारात कोणाचा डोळा कुठं असेल सांगता येत नाही. चंदेरी रंग थेट फासू नकोस. आधी काळा दे, तो वाळला की कोरड्या फडक्यावर थोडासा चंदेरी घेऊन नुसता पुसत जा, धारेकडे जास्त, मध्ये कमी. सोनेरी द्यायचा तिथं खाली गेरूचा हात दे. हॅलोजनखाली नुसता सोनेरी पिवळा फटक दिसतो, गेरूवरचा पितळेसारखा तापतो.

हे मी कुठल्या शाळेत शिकलो नाही. आमच्या झाडीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत, दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम लागतो तो होळीपर्यंत. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक, आणि नाटक सुटतं तेव्हा कोंबडे आरवत असतात. वडशाच्या नाटक कंपन्यांसोबत मी बावीस हंगाम प्रॉपर्टी सांभाळली. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा मी गल्लीत पेढे वाटले, माझा काही संबंध नसताना. तर एका गावी भीमाची गदा ऐन दुपारी मोडली. मी नवा होतो. थर्माकोलचा गोळा कोरला आणि दुकानातून आणलेला चंदेरी स्प्रे सरळ त्याच्यावर मारला. दहा मिनिटांत गदेला देवीचे व्रण उठले! त्या फवाऱ्यातलं द्रावण थर्माकोल विरघळवतं, हे मला तेव्हा कोण सांगणार? मग वर्तमानपत्राच्या पट्ट्या फेविकॉलच्या पाण्यात बुडवून तीन थर चढवले, जनरेटरच्या गरम वाऱ्यावर धरले आणि वर रंग दिला. भीमानं रात्री ओली गदा खांद्यावर घेतली. दुर्योधन म्हणाला, काय रे, पावसातून आलास काय? प्रेक्षकांना वाटलं, संवादच आहे.

थर्माकोलवर आधी कागद, मग रंग. हे लक्षात ठेव.

आता बंडी. इथं मला तुझ्याशी भांडायचं आहे.

तुझा बैल बाजारातून आणलेला, जमिनीपासून वशिंडापर्यंत आठ इंच. चाक तू केलंस तीन इंचांचं. आपण एका इंचाला एक फूट धरू. म्हणजे तुझा बैल झाला आठ फुटांचा, हत्तीच्या मापाचा, आणि त्याच्यामागं तीन फुटी चाकाची बंडी. लोकांना हे हिशोबानं कळत नाही, पण डोळ्याला कळतं. डोळा म्हणतो "खेळणं" आणि पुढं सरकतो. रंग कितीही दे, तो परत फिरत नाही.

एका फुटाला एक इंच हे माप मी मुद्दाम सांगतो. जगभरातले हौशी लोक बाहुलीघरासाठी हेच १:१२ धरतात. १९२०च्या दशकात इंग्लंडच्या राणी मेरीसाठी केलेलं बाहुलीघर याच मापाचं आहे, आणि त्याचा आराखडा नवी दिल्ली आखणाऱ्या ल्युटेन्सचाच. पण मला ते आवडतं ते आपल्या सुतारकीमुळे. इंचाचे आठ सूत. खऱ्या बंडीतलं दीड इंच म्हणजे तुझ्या बंडीतलं एक सूत. गुणाकार-भागाकार नको, कॅल्क्युलेटर नको. माझे वडील सूतच बोलायचे. मिलिमीटर हा शब्द त्यांच्या तोंडी कधी आला नाही.

तुझ्या आजोबांची बंडी गोठ्यामागं पडून आहे असं तू लिहिलंस, आणि माप घेतलंस मात्र इंटरनेटवरच्या चित्रावरून. त्या चित्रातली बंडी कुठली आहे कोण जाणे. तिच्या साट्याची, म्हणजे वरच्या चौकटीची, ठेवण आपल्याकडची नाही. गोठ्यामागं जा. सोबत आजोबांनाही ने, कारण टेप सांगणार नाही ते आजोबा सांगतील. जू मोज पहिल्यांदा. जुवावरून दोन बैलांमधलं अंतर ठरतं, त्यावरून धुऱ्याची, म्हणजे जुवाकडे जाणाऱ्या दांड्याची, ठेवण, त्यावरून साटा, त्यावरून चाकं. तू चाकापासून सुरुवात केलीस, म्हणून तुझ्या जुवाखाली बैलाची मान मावत नाही. सहाव्या फोटोत तू जू बैलांच्या पाठीवर ठेवून दिलं आहेस, मी पाहिलं.

चाक करताना घाई करू नकोस. मधला तुंबा शिवणीचा घे, ती हलकी असते आणि पटाशीला फाटत नाही. तुंब्यावर बारा आऱ्यांची भोकं सारख्या अंतरावर पडायला हवीत, आणि डोळ्यानं ती कधीच पडत नाहीत. कागदाची पट्टी तुंब्याभोवती गुंडाळ, जिथं टोक भेटतं तिथं काप. आता ती पट्टी अर्धी दुमड, पुन्हा अर्धी, मग त्या दुमडीचे तीन सारखे भाग कर. उलगडली की बारा घरं. परत गुंडाळ आणि प्रत्येक घडीवर टाचणीनं खूण टोच. भोकं हातातल्या गिरमिटानं पाड. मशीन इथं उपयोगाचं नाही, भोक तिरकं गेलेलं कळायच्या आत आरपार गेलेलं असतं. आरे बांबूच्या सालीकडच्या भागाचे तास, आतला गर तुटतो. वरच्या गोलाचे लाकडी तुकडे, म्हणजे पुठ्ठे, सहा, प्रत्येकात दोन आरे. एका फळीचं गोल कापलं तर काम सोपं, पण मग ते चाक राहत नाही, पोळपाट होतो. सहा तुकडे जोड, सांधे दिसू दे.

धाव बसवायची म्हणजे खरी गंमत होती. लोखंडी कडं गोवऱ्यांच्या आगीत लाल व्हायचं, चौघं सांडशीनं उचलून चाकावर घालायचे, आणि पाणी ओतलं की कडं आवळून पुठ्ठ्यांना गच्च दाबायचं. सगळे सांधे एकदम मिटायचे, कर्रकन् आवाज यायचा. तुझ्या एवढ्याशा चाकावर हे होणार नाही, चाकच जळेल. डब्याच्या पत्र्याची पट्टी काप, चुलीवर काळी कर आणि गोंदानं बसव. पण एकदा खरं पाहायला मिळालं तर पाहून घे. धाव चढवणारी माणसं आता फार राहिली नाहीत.

बांबू घेताना ओला कापून काही आठवडे वाहत्या पाण्यात ठेव, नाहीतर भुंगा लागतो. त्याला त्यातलं पिष्ट खायचं असतं, पाण्यात ते निघून जातं. माझी एक आख्खी बंडी कपाटात ठेवल्या ठेवल्या पिठासारखी गळाली आहे. आणि मे महिन्यात बारीक सांधे जोडू नकोस. पारा ४६ वर असताना लाकूड आकसलेलं असतं, फेविकॉल वरून वाळतो आणि आत कच्चा राहतो. श्रावणात लाकूड फुगतं आणि तोच सांधा उलतो. दिवाळीनंतरचे दिवस जोडकामाला उत्तम.

रंगाचं विचारलंस. बंडीला डब्यातला रंग नकोच. हिरड्याचा काढा उकळून गार कर, लाकडाला दोन हात दे. दुसऱ्या बाटलीत व्हिनेगरमध्ये गंजके खिळे आठवडाभर बुडवून ठेव; ते पाणी वरून लाव. डोळ्यांदेखत लाकूड करडं होत काळं पडतं, जणू वीस पावसाळे खाल्ले. पण सगळीकडे सारखं लावलंस तर पुन्हा फसशील. आजोबांच्या जुवाला हात लावून पाहा. बैलाची मान घासली तिथं ते गुळगुळीत आहे, तेलकट चमक आहे. टोकाला खरबरीत. शिवळांच्या, म्हणजे जुवाच्या खुंट्यांच्या, भोकांभोवती दोरीनं खाल्लेल्या खाचा असतील. आसाजवळ वंगणाचा काळा ओघळ आणि त्यावर बसलेली धूळ. साट्याच्या पुढच्या कडेला, जिथं आजोबा बसायचे, तिथं लाकूड किंचित दबलेलं असेल. हे पाच-सहा डाग बरोबर पडले की माणूस वाकून पाहतो. मग बोट लावतो. मग म्हणतो, आमच्याकडे अशीच होती.

शकुंतलेच्या, म्हणजे आपल्या विदर्भातल्या अरुंद रुळांच्या जुन्या गाडीच्या, इंजिनाचं तू मध्येच लिहिलंस. कर, पण बंडीनंतर. वाफेचं इंजिन १९९४ मध्येच निघालं, तुझ्या जन्माच्या कितीतरी आधी, म्हणजे ते तुला फोटोंवरूनच करावं लागेल. फोटोतून माप काढायला एक तरी खरं अंतर हातात हवं. दारव्ह्याला जा आणि रूळ मोज, आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत. अडीच फूट भरेल, ७६२ मिलिमीटर. समोरून काढलेल्या फोटोत रुळांमधलं अंतर मोजलंस की त्या फोटोची पट्टीच तुझ्या हाती आली; बाकी सगळं त्यावरून. फक्त फोटो अगदी समोरून काढलेला हवा. तिरक्या फोटोवर विसंबून मी एकदा इतकं लांब इंजिन केलं की नातवानं त्याला रेल्वे म्हणायचं सोडून अजगर म्हटलं.

आता तुझी मोठी हौस: पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार. २०२५ साली लंडनच्या लिलावातून सरकारनं ती सुमारे ४७ लाखांना घेतली, तेव्हापासून माझ्याकडे हे मागणं घेऊन आलेली तू तिसरी. करण्यासारखी वस्तू आहे. सरळ, एकधारी युरोपी पातं, म्हणून तिला फिरंग म्हणतात. मूठ मुल्हेरी घाटाची, सोन्याचं नक्षीकाम, आणि पात्याच्या पाठीवर देवनागरीत रघुजींचं नाव, 'सेनासाहेब सुभा' या त्यांच्या पदवीसकट. पण आधी ठरव, ती कोण पाहणार आणि कुठून. नाटकासाठी असेल तर पाठीवरची अक्षरं विसर, सरळपणा आणि मुठीचा घाट सांभाळ. लोकांच्या मनात तलवार म्हणजे वाकडी, म्हणून ही सरळ धरली की आपोआप नजरेत भरते. कपाटात ठेवायला असेल तर मात्र उलट: मेंदीच्या कोनात फेविकॉल आणि खडूची पूड मिसळून भर, अक्षरं पाठीवर ओढ, वाळली की सोनेरी. कोन तुझ्या हातात माझ्यापेक्षा चांगला चालेल, हे सांगायला नको. नागपूरला गेलीस तर अजब बंगल्यात, तिथल्या जुन्या संग्रहालयात, एक दुपार काढ. जुन्या मुठी तिथं काचेआड दिसतात, आणि फोटोत जाडी कळत नाही ती तिथं कळते. बसनं नेताना कुठलीही तलवार गोणपाटात गुंडाळून ने. माझी एकदा बाहेर डोकावली आणि शेजारची बाई पुढच्या फाट्यावर उतरून गेली.

घरी म्हणतात, यानं पोट भरतं काय. नाही भरत. माझं शेतीनं आणि सुतारकीनं भरलं. तू शिक्षण चालू ठेव आणि रात्री दोन तास हे कर, एवढंच माझ्याकडे सांगण्यासारखं आहे. तान्ह्या पोळ्यात बोजारा म्हणून मिळालेल्या पैशांतून एक बरी पटाशी घे. पाच स्वस्त आणण्यापेक्षा ती एक बरी.

माझ्याकडे शिवणीचा वाळलेला ओंडका पडला आहे, दोन तुंबे सहज निघतील. शंकरपटाच्या आधी ये, तेव्हा घरात गर्दी नसते. येताना जुवाचं माप लिहून आण, सुतात. आणि आजोबांना विचार, उजवीकडचा बैल कोणता होता.

तुझा,
काका

ता. क. – ती झटपट चिकटणारी ट्यूब कापसाजवळ नेऊ नकोस. बैलाच्या झुलीखाली कापूस भरताना माझ्याकडून थेंब सांडला होता. कापूस तापला, धूर निघाला आणि बोट भाजलं. आपल्या घरात कापूस कुठंही असतो, म्हणून लिहितो.