संत्र्यावर मेणाचा हात

प्रश्न : आमची आंबिया बहाराची संत्री व्यापारी मेणाचा थर देऊन दूरच्या बाजारात पाठवतो. हे मेण पोटात गेल्यास अपाय होत नाही ना? यंत्राचा खर्च टाळून घरीच कोरफडीचा गर चोळला तर चालेल का?
– एक बागायतदार, मोर्शी तालुका

उत्तर : तोडणीनंतरही संत्रे जिवंत असते, ते श्वास घेते आणि सालीतून त्याचे पाणी उडत राहते. सालीवर निसर्गतःच मेणाचा पापुद्रा असतो, परंतु धुताना-घासताना तो बराचसा निघून जातो आणि वरून दिलेला थर ती उणीव भरून काढतो. ताज्या फळांसाठी मधमाश्यांचे मेण, ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांवरचे कार्नौबा मेण आणि लाखेचे मेण यांना आपल्याकडे परवानगी आहे. ही मेणे फारशी पचत नाहीत, तशीच बाहेर पडतात. त्यामुळे काळजीचे कारण नाही. लाख मात्र पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवरील किडीचा स्राव असल्याने काटेकोर शाकाहार पाळणाऱ्या गिऱ्हाइकाला ते कळायला हवे, आणि म्हणूनच वेष्टनावर मेणाचे नाव छापणे मला फार महत्त्वाचे वाटते.

खरा धोका थर जाड होण्याचा आहे. चकाकीच्या हौसेपायी मेण जास्त बसले, तर फळाला प्राणवायू पुरत नाही, आत अल्कोहोल साचते आणि वरून तजेलदार दिसणारे संत्रे सोलताच आंबूस वास येतो. संत्रे या बाबतीत विशेष नाजूक आहे.

कोरफडीच्या गरावर फळांसाठी संशोधन झाले आहे. परंतु तो बहुतांशी पाणीच असल्याने कच्चा गर लवकर नासतो, आणि ओलसर राहिलेल्या सालीवर बुरशीला आयतेच निमंत्रण मिळते. विक्रीच्या मालावर तो चोळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिवाय कोणताही थर जखम भरून काढत नाही. फळ ओढून तोडले की देठापाशी साल फाटते, आणि हिरवी बुरशी नेमकी तिथूनच आत शिरते. तेव्हा कात्रीने देठ आखूड ठेवून तोडावे, डागी फळे बाजूला काढावीत, आणि धुतलेले फळ पूर्ण कोरडे झाल्यावरच मेण द्यावे. पुढच्या खेपेला थर दिलेली २० आणि न दिलेली २० फळे घरी ठेवून १० दिवस रोज वजन करा, आणि शेवटी दोन्हींतले एकेक सोलून चाखून पाहा.