लाहोरी खगोल पाहताना आधी सांधा शोधा

पितळी खगोल, म्हणजे तारे आणि तारकासमूह दाखवणारा गोल, समोर आला की लगेच नक्षीत रमू नका. दोन अर्धगोल जोडलेले असतील, तर तिरप्या उजेडात भिंगाखाली पूर्ण वळसा घालणारी बारीक रेघ सापडते. 17व्या शतकातल्या लाहोरच्या झियाउद्दीन मुहम्मद या कारागिराच्या गोलांवर ती नाही. मेण वितळवून काढलेल्या साच्यात ते एकसंध ओतलेले आहेत. केवढं हे कसब! मात्र आतला मातीचा गाभा अधांतरी धरायला खिळे लागतात. गाभा सरकला की एका बाजूची भिंत पातळ पडते. खिळ्यांची भोकं नंतर बुजवतात. ती गोल ठिगळं म्हणजे तारे नव्हेत. तारे बहुधा जडवलेले चांदीचे ठिपके असतात. आणि तारकासमूह उलटे दिसले तर दचकू नका, खगोल आकाश बाहेरून दाखवतो.