‘माझा विश्वास कमी पडला का?’

नागपुरातल्या ख्रिस्ती घरांतून माझ्याकडे येणाऱ्यांचं दुखणं वेगवेगळं असतं. कुणाची नोकरी गेलेली, कुणाचं मूल आजारी. बोलता बोलता प्रश्न मात्र बहुतेकांचा एकच निघतो: माझा विश्वास कमी पडला म्हणून देवानं ऐकलं नाही का?

मेकोसाबागेतल्या एका ताईंचंच सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत. नवऱ्याला पक्षाघात, उजवी बाजू लुळी. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "विश्वास ठेवा, भाऊ उठून चालतील." महिने गेले, भाऊ उठले नाहीत. ताईंनी प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधला भाकर आणि द्राक्षारसाचा विधी, घेणं सोडलं.

"कोणत्या तोंडानं पुढे जाऊ, मॅडम? आतून मी देवावर चिडलेय."

"त्याला सांगितलंत?"

"देवाशी असं बोलतात का!"

गिळून ठेवलेलं आधी बाहेर यावं लागतं, मगच देवाचं वचन आत उतरतं, हे माझं ठाम मत आहे आणि इतक्या वर्षांत त्यानं मला दगा दिलेला नाही. मी त्यांना बायबलातलं स्तोत्र ८८ मोठ्यानं वाचायला सांगितलं. शेवटी देव धावून येईल, अशा भरवशानं त्या वाचत गेल्या. अठराव्या ओवीत अंधारापाशी पोचल्या. पुढे पाहिलं, तर ८९वं स्तोत्र सुरू.

"संपलं? इथंच?"

"इथंच."

"मग हे पवित्र शास्त्रात ठेवलं कसं?"

याच प्रश्नाची मी वाट पाहत होते. "तुम्हाला काय वाटतं?" एवढंच विचारलं.

बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "म्हणजे असं ओरडणाऱ्यालाही देवानं घराबाहेर काढलं नाही." आणि रडल्या. भाऊ पडल्यापासून पहिल्यांदाच.

ताई विश्वासाला किंमत समजत होत्या. पुरती मोजली की बरं होणं हाती पडेल. पण किंमत मागितली तर ती कृपा कसली? शरीरातला काटा निघावा म्हणून प्रेषित पौलानं तीनदा विनवलं. काटा राहिला, आणि माझी कृपा तुला पुरेशी आहे, असं उत्तर आलं. त्याच पौलानं आपला सोबती त्रफिम याला मिलेत शहरात आजारी ठेवून पुढची वाट धरली, पण त्याच्या विश्वासाला बोल लावला नाही. प्रेषित पेत्र आपल्या पहिल्या पत्राच्या शेवटी विखुरलेल्या विश्वासणाऱ्यांना कृपेत स्थिर राहायला सांगतो; त्याआधी, पहिल्याच अध्यायात, त्यांचं दुःख मान्य करतो. तक्रार घेऊन का होईना, देवाकडेच जात राहणं, याला मी स्थिर राहणं म्हणते.

म्हणून रागातही प्रार्थना करा. नीट शब्द सुचेनात तर स्तोत्रं वाचा. प्रभुभोजनाच्या मेजापासून दूर राहू नका. औषधं बंद करून विश्वास सिद्ध करायला जाऊ नका, हे तर मी हात जोडून सांगते. झोप उडाली असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी घरच्या कुणाला तरी सांगा आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ वर फोन करा. ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते.

ताई पुढच्या प्रभुभोजनाला गेल्या. भाऊ अजून व्हीलचेअरवरच आहेत. भेटायला येणाऱ्यांना त्या आता सरळ सांगतात, "प्रार्थना कराच, पण मंगळवारी ह्यांना फिजिओथेरपीसाठी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात न्यायचंय, सोबत कुणीतरी या." पाळकसाहेबांनी तरुणसंघातल्या मुलांच्या पाळ्या लावून दिल्यात.