उत्तर कर्नाटक नेमकं कुठे संपतं?

तुम्ही विचारलं आहे की पुण्याहून बेंगळूरला गाडीने जाताना उत्तर कर्नाटक संपून दक्षिण कर्नाटक कुठे सुरू होतं, आणि हा फरक बाहेरच्या माणसाला जाणवतो का. माझं आजोळ धारवाडचं आणि नोकरी बेंगळूरला, त्यामुळे हा रस्ता माझ्या रोजच्या आयुष्याचा भाग आहे. फरक जाणवतो, आणि चांगलाच जाणवतो.

एकच जागा सांगा म्हणालात तर मी हरिहर सांगेन. राणेबेन्नूर मागे पडलं की तुंगभद्रा ओलांडावी लागते. 1956 साली भाषावार राज्यरचना होईपर्यंत ही नदी इथे हद्द होती. अलीकडचा धारवाड जिल्हा मुंबईच्या अमलाखाली, पलीकडचं हरिहर आणि दावणगिरी म्हैसूरकडे. 1949 साली कर्नाटक विद्यापीठ स्थापन होईपर्यंत धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात शिकलेल्या माणसाला पदवी मुंबई विद्यापीठाची मिळायची. नदीपलीकडच्या मुलाचं शिक्षण, नोकरी, वकिली सगळं म्हैसूर-बेंगळूरच्या दिशेने जायचं. कन्नड दोघांचीही, पण मोठं शहर म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारं शहर वेगळं. अशा सवयी नकाशा बदलला म्हणून लगेच बदलत नाहीत.

पण ही झाली कारभाराची हद्द. जेवणाची हद्द मातीवर ठरते, आणि ती नदीइतकी स्पष्ट नाही. बेळगाव, विजापूर, बागलकोट, गदग या पट्ट्यात काळी माती भरपूर. ती ओल धरून ठेवते, म्हणून तिथे रब्बीची ज्वारी येते आणि ताटात भाकरी, भरलं वांगं, शेंगाचटणी, मटकीची उसळ येते. सोलापूर-सांगलीच्या माणसाला हे ताट ओळखीचं वाटेल. हावेरीपासून जमिनीचा रंग मिसळायला लागतो. चित्रदुर्गाला मोठमोठे दगडी गोटे दिसू लागतात, आणि हिरियूर-सिऱ्याकडे गेलात की तांबड्या जमिनीवर नाचणी. तिथे भाकरीची जागा मुद्दे घेते. नाचणीचा तो गरम गोळा सारात बुडवून चावायचा नाही, सरळ गिळायचा. उत्तरेकडच्या माणसाला हे काही केल्या जमत नाही, आणि म्हैसूरजवळच्या मंड्याच्या माणसाला भाकरी कोरडी वाटते.

संगीताची हद्द मला सगळ्यात विलक्षण वाटते. धारवाड-हुबळी म्हटलं की हिंदुस्थानी संगीत हे समीकरण आपल्या इतकं अंगवळणी पडलं आहे की ते अनादि काळापासून तसंच असावं असं वाटतं. मल्लिकार्जुन मन्सूर, गंगुबाई हनगल, भीमसेन जोशी, बसवराज राजगुरू, कुमार गंधर्व ही सगळी माणसं त्याच भागातली. प्रत्यक्षात हा बदल जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांचा आहे. गंगुबाईंच्या आई अंबाबाई कर्नाटक संगीत गाणाऱ्या होत्या. मुलगी हिंदुस्थानी शिकायला लागल्यावर तिच्या गळ्यावर दुसरे संस्कार होऊ नयेत म्हणून त्यांनी स्वतःचं गाणं बाजूला ठेवलं. मल्लिकार्जुन मन्सूरांचे पहिले धडेही कर्नाटक संगीताचेच. नंतर ते हिंदुस्थानी शिकायला मिरजेच्या नीलकंठबुवांकडे गेले. म्हणजे उत्तर-दक्षिणेची रेघ एकेका घरातून, एकेका गळ्यातून ओढली गेली. कारणं शोधायला फार लांब जावं लागत नाही. मराठी नाटक कंपन्या हुबळी-धारवाडला मुक्काम करायच्या, मिरज रेल्वेने जोडलेलं होतं, आणि हिंदुस्थानी गायक अब्दुल करीम खाँ म्हैसूर दरबारी जाता-येता धारवाडला थांबायचे. त्यांच्याकडे शिकलेले कुंदगोळचे रामभाऊ म्हणजे सवाई गंधर्व, आणि त्यांचे शिष्य भीमसेन आणि गंगुबाई. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव ऐकणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी कुंदगोळला जाऊन यावं असं मला मनापासून वाटतं. हुबळीहून अगदी जवळ आहे. दक्षिणेत म्हैसूर दरबाराने वीणा आणि कर्नाटक गायकी जपली, आणि बेंगळूरच्या चामराजपेटेत रामनवमीचा संगीतोत्सव 1939 पासून चालत आला आहे. तो मांडव हिंदुस्थानी गायकांनाही परका नाही, पण श्रोता मुळातला कर्नाटकी.

सणांमध्येही बघा. दसऱ्याला उत्तरेत बन्नीची, म्हणजे शमीची, पानं सोनं म्हणून देतात, आपण आपट्याची देतो तशी. म्हैसूरकडे घराघरांत बाहुल्यांची मांडणी असते. मार्गशीर्ष अमावस्येला विजापूर, गुलबर्गा, बीदरकडे कुटुंबं शेतात जाऊन पूजा करून जेवतात, आणि हाच सण लातूर-धाराशिवकडे येळवस म्हणून तितक्याच हौसेने होतो. बोलण्यातला फरक तर बसस्टँडवरच कळतो: हुबळीला प्रत्येक वाक्याच्या शेवटी आदराचं ‘री’ लागतं, दावणगिरीनंतर ते विरळ होत जातं.

यावरून बरेच मराठी लोक म्हणतात की उत्तर कर्नाटक म्हणजे जवळपास महाराष्ट्रच. मला हे अजिबात पटत नाही. नवव्या शतकातल्या ‘कविराजमार्ग’ या ग्रंथात अस्सल कन्नडचा गाभा म्हणून जी गावं सांगितली आहेत, त्यांत पट्टदकल, कोप्पळ, लक्ष्मेश्वर आहेत. ही सगळी उत्तरेतली. धारवाडी कन्नड म्हणजे मराठीची भेसळ झालेली बोली नव्हे. कन्नडच्या सगळ्यात जुन्या घरांपैकी एक तिथे आहे. आपण शेजारी आहोत, देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली आहे, आणि त्यात आपण घेतलेलंही पुष्कळ आहे.

आता दावणगिरीबद्दल, कारण महाराष्ट्रातल्या प्रत्येक नाक्यावर हे नाव लोणी डोशाच्या गाडीवर लिहिलेलं असतं. गाव जुन्या म्हैसूरचं, पण संध्याकाळचं खाणं म्हणजे मंडक्की-मिरची, म्हणजे चुरमुरे आणि मिरचीची भजी, अगदी हुबळीच्या वळणाची. आणि तो प्रसिद्ध डोसा बेळगाव भागातून आलेल्या एका बाईने तिथे सुरू केला असं गावात सांगतात. तुम्हाला दोन्ही कर्नाटकं एका टेबलावर हवी असतील तर तिथे थांबा.

दोन गोष्टी लक्षात असू द्या. गुलबर्गा-बीदर-रायचूर हे 1948 पर्यंत निजामाकडे होते, त्यामुळे ‘उत्तर’ म्हणून धारवाडला जे लागू होतं ते तिथे जसंच्या तसं लागू होत नाही. तिथली उर्दू, गुलबर्ग्याचे सूफी संत बंदेनवाज यांच्या दर्ग्याचा उरूस, सगळं वेगळं. आणि शिरसी-कारवारला तर ही रेघ चालतच नाही. ते जिल्ह्याने मुंबई इलाख्यात होते, पण तिथे भात, नारळ, सुपारी आणि यक्षगान. त्या भागात संस्कृती उत्तर-दक्षिण बदलत नाही, घाट चढता-उतरताना बदलते. तिकडे जाणार असाल तर हुबळीहून येल्लापूरमार्गे अंकोल्याला उतरा; हा बदल एका दुपारीच बघायला मिळेल.