शस्त्रक्रियेआधी तीन आठवडे कशासाठी?

प्रश्न : माझ्या ७६ वर्षांच्या वडिलांना मोठ्या आतड्याचा कर्करोग आहे. डॉक्टरांनी त्यांना खुर्चीतून उठवून चालायला लावले आणि शस्त्रक्रिया तीन आठवडे पुढे ढकलली. हा वेळ वाया तर जात नाही ना?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचे, वळून परत येऊन बसायचे, अशी ती चाचणी असते, साधारण १२ सेकंदांहून अधिक वेळ लागल्यास पडण्याचा धोका वाढलेला समजतात. एकाच वयाच्या दोघांपैकी एक जण रोज तलावपाळीला फेरी मारतो आणि दुसरा जिन्याच्या चौथ्या पायरीवर थांबतो. डॉक्टर मोजतात ते वय नव्हे, ही शिल्लक ताकद. ती कमी असल्यास शस्त्रक्रियेनंतर न्यूमोनिया, भ्रम आणि लांबलेला रुग्णालयवास यांची शक्यता वाढते. या आठवड्यांत रोज चालणे, श्वसनाचे व्यायाम, रक्तक्षयावर उपचार आणि पुरेशी प्रथिने यांवर भर द्यावा. चहा-बिस्किटांवर दुपार काढण्याची आपल्या ज्येष्ठांची सवय इथे नडते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांनाच विचारावे. पोट फुगणे, उलट्या किंवा शौचातून रक्तस्राव सुरू झाल्यास ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्यांना ताबडतोब रुग्णालयात न्यावे.