आधी रोस्टर बघ

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला वर्षभराचा वेलनेसचा आराखडा वाचला. योगदिन, पावसाळा संपल्यावर वॉकेथॉन, आहारतज्ज्ञाचं व्याख्यान, महिन्यातून एकदा झुंबा. यात वाईट काही नाही आणि तुझ्या साहेबांना ते आवडेलही, कारण त्याचे फोटो चांगले निघतात. पण चाकणच्या तीन पाळ्यांच्या कारखान्यात माणसाची तब्येत आणि संसार ज्या कागदावर ठरतो, तो तुझ्या आराखड्यात कुठेच नाही. शिफ्टचं रोस्टर. बहुतेक ठिकाणी ते प्रोडक्शनचा कुणी इंजिनिअर एक्सेलमध्ये बसवतो आणि एचआरचा त्याच्याशी संबंध हजेरीपुरता उरतो. तू एचआरमध्ये नवीन आहेस तोवरच ते मागून घे. पुढे मागायला गेलीस तर लोक विचारतील, आता का?

पाळ्या कोणत्या दिशेने फिरतात ते आधी पाहा. पहिली म्हणजे सकाळची, दुसरी दुपारची, तिसरी रात्रीची, अशा क्रमाने फिरल्या तर शरीर त्यातल्या त्यात जुळवून घेतं. रोजच्यापेक्षा उशिरा झोपणं माणसाला जमतं. लवकर झोपायला जा, तर नुसता कुशीवर वळत राहतो. तरी पुष्कळ कारखान्यांत पाळ्या उलट्याच फिरतात, तिसरीनंतर दुसरी आणि दुसरीनंतर पहिली. मध्ये साप्ताहिक सुट्टी पडली तर निभावतं. पण सुट्टीच्या दिवशी ओटी, म्हणजे ओव्हरटाइम लागला, किंवा रिलीव्हर, म्हणजे जागा घेणारा बदली माणूस आला नाही म्हणून मध्येच पाळी बदलली, की काय होतं बघ. दुसरी पाळी रात्री 12 ला सुटली. कंपनीची बस मोशी-निगडी करत घराजवळ सोडेपर्यंत एक वाजला. हातपाय धुऊन, जेवून अंथरुणाला पाठ लागेपर्यंत पावणेदोन. सकाळची पाळी सातची, म्हणजे साडेपाचला पुन्हा बसस्टॉपवर. हा माणूस पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर उभा राहणार आहे.

युरोपात रोजची सलग 11 तासांची विश्रांती हा सर्वसाधारण नियम आहे. तू गेल्या तीन महिन्यांचं पंचिंग, म्हणजे येण्याजाण्याच्या वेळांची नोंद काढ आणि दोन पाळ्यांमधलं अंतर 11 तासांच्या आत किती वेळा आलं ते मोज. हा आकडा तुमच्या प्लँट हेडनेही कधी पाहिलेला नसेल. रात्रपाळी बंद करणं तुझ्या हातात नाही, पण सलग किती रात्री लावायच्या यावर बोलता येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात ठेवलं आहे, आधी 2007 मध्ये आणि पुन्हा 2019 मध्ये. मीटिंगमध्ये हे एकदाच सांग आणि पुढच्या मुद्द्यावर जा. सारखं सांगितलंस तर लोक घाबरत नाहीत, कंटाळतात.

ओटीचं प्रकरण जरा नाजूक आहे. तो दुप्पट दराने मिळतो आणि घराचा हप्ता त्यावर चालतो. अशा माणसाला ‘घरच्यांना वेळ द्या’ सांगायला गेलीस तर तो तोंडावर मान डोलावेल आणि कँटीनमध्ये तुझी नक्कल करेल. त्याचं बरोबरच आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2021 मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला 55 तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना 35 ते 40 तासवाल्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी जास्त असतो. ओटी मागणाऱ्यापुढे हे वाचून उपयोग नाही, वाटणाऱ्याला गाठ. यादी काढलीस की तीच तीच नावं दिसतील, कारण त्यांची मशीन दुसऱ्या कुणाला चालवता येत नाही. दुसरा माणूस तयार केला तर पहिला वेळेवर घरी जाईल. हे खरं तर ट्रेनिंगवाल्यांचं काम, पण त्यांच्या मागे तुलाच लागावं लागेल.

सुट्टीच्या वाराचं तुला कदाचित माहीत नसेल. विजेचा भार वाटून घेण्यासाठी औद्योगिक पट्ट्यांना वेगवेगळे वार दिले गेले, आणि पिंपरी-भोसरीकडे गुरुवार आला. माझी सगळी नोकरी गुरुवारच्या सुट्टीत गेली. बायको ऑफिसात, मुलं शाळेत, आणि आपण घरी गॅस सिलिंडरची वाट बघत. नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1884 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारची सुट्टी होती, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती होती, गिरणी कधी सुरू व्हावी आणि कधी बंद व्हावी हेही होतं. रविवार मिळायला 1890 उजाडलं. तुमच्याकडे सगळ्यांना रविवार देता येत नसेल, तर ज्यांची मुलं शाळेत आहेत त्यांना महिन्यातून एक रविवार आळीपाळीने दे. सुपरवायझर कुरकुर करतील. करू देत.

रजेचंही तसंच. गणपतीला कोकणातले, आषाढीला मराठवाड्यातले, उन्हाळ्यात लग्नसराईला सगळेच. हे दरवर्षी होतं आणि दरवर्षी सुपरवायझरला त्याचं आश्चर्य वाटतं. रजा नामंजूर झाली की माणूस दांडी मारतो, आणि मग त्याच्या नावावर शिस्तीचा कागद लागतो. जानेवारीतच विचारून लिहून घे. पगारी रजेसाठी पूर्वी वर्षात 240 दिवस भरावे लागत, नव्या श्रमसंहितेत ते 180 झाले आहेत. नव्या पोरांना हे कुणी सांगत नाही.

आता एक गोष्ट तुला बाई म्हणून जास्त लवकर कळेल. वायरिंग हार्नेसच्या, म्हणजे गाडीच्या वायरींचे जुडगे बांधण्याच्या लाइनवर ज्या मुली उभ्या असतात, त्यांच्या पाण्याच्या बाटल्या पाळी सुटताना बघ. भरलेल्या असतात. लाइन सोडायची तर जागेवर दुसरी हवी, ती नसते, लीडरला विचारायचं तर तो पुरुष, आणि टॉयलेट शेडच्या दुसऱ्या टोकाला. म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. मग लघवीची जळजळ, ताप, ‘पर्सनल रीझन’ लिहून रजा. दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये हे कधी दिसणार नाही. प्रत्येक लाइनला एक जादा रिलीव्हर आणि न विचारता जाण्याची मुभा, एवढंच माग. तुझ्या झुंबाच्या बजेटात एका लाइनचा रिलीव्हर काही महिने निघेल.

साहेबांकडे जाताना ‘समाधान’, ‘संतुलन’ हे शब्द घरी ठेव. अपघाताचं रजिस्टर घे आणि कोणत्या पाळीत, पाळीच्या कितव्या तासाला मशीनमध्ये बोट सापडलं, ते तक्त्यात मांड. शेजारी रीवर्क, म्हणजे बिघडलेला माल पुन्हा दुरुस्त करणं, आणि गैरहजेरी. मग एकच लाइन तीन महिन्यांसाठी माग. सगळा प्लँट मागितलास तर कमिटी नेमतील, आणि कमिटी म्हणजे चहा-बिस्किटं.

हे सगळं काढताना कंत्राटी माणसांनाही हिशेबात धर. त्यांचं पंचिंग बऱ्याचदा कंत्राटदाराच्या वेगळ्या मशीनवर असतं आणि ‘तो डेटा आमच्याकडे नसतो’ असं उत्तर येईल. लेखी माग, आणि प्रत स्टोअर्सच्या मॅनेजरलाही दे. कंत्राटदाराची बिलं त्यांच्याच सहीने निघत असतील, तर डेटा दोन दिवसांत येईल.

तुझा,
काका