शितावरून भात, पण भात ढवळलेला हवा

व्यवसायातील आकडेमोड आणि सर्वेक्षणे या विषयावर आलेल्या पत्रांतून या महिन्यात पाच प्रश्न घेतले आहेत. पत्रे बरीच लांब असल्यामुळे प्रश्नांचा मजकूर संक्षिप्त केला आहे, आकडे मात्र वाचकांनी कळवले तसेच ठेवले आहेत.

प्रश्न : मी घरी पुरणपोळ्या करून विकते. एका आठवड्याची रोजची विक्री रुपयांत अशी होती : ४,२००, ३,९००, ४,५००, ४,१००, ४,३००, ४,००० आणि २४,०००. सरासरी ७,००० आली, म्हणून पुढच्या आठवड्यात त्या बेताने पुरण शिजवले, तर रोज माल उरला. माझा हिशेब कुठे चुकला? (एक वाचक, सांगली)

उत्तर : हिशेब चुकलेला नाही. सात दिवसांची बेरीज ४९,००० होते आणि तिला ७ ने भागल्यास ७,०००च येतात. मात्र त्या आठवड्यात एकाही दिवशी आपली विक्री ७,०००च्या जवळपासही फिरकलेली नाही, हे आकड्यांवरून नुसती नजर फिरवली तरी दिसते. सहा दिवस ती ४,०००च्या आगेमागे आहे आणि सातव्या दिवशी बहुधा एखाद्या कार्याची मोठी मागणी आलेली आहे. त्या एका दिवसाने सरासरीला आपल्याकडे ओढून नेले.

अशा वेळी मध्यक पाहावा, ज्याला पुष्कळ जण मीडियन म्हणतात. आकडे चढत्या क्रमाने मांडले की ३,९००, ४,०००, ४,१००, ४,२००, ४,३००, ४,५००, २४,००० अशी रांग होते आणि बरोबर मधला आकडा ४,२०० हा येतो. सातव्या दिवशी २४,००० ऐवजी दोन लाखांची विक्री झाली असती, तरी मध्यक जागचा हलला नसता. उद्या सकाळी किती पुरण शिजवायचे, हे ठरवायला तोच आकडा उपयोगाचा आहे, कारण उरलेली पुरणपोळी आठवडाभर ठेवता येत नाही.

याचा अर्थ सरासरी टाकाऊ आहे, असा मात्र नव्हे. हरभऱ्याची डाळ आणि गूळ महिन्याचा एकदम भरायचा असेल, तर सरासरीच घ्यावी लागते, कारण सरासरीला दिवसांच्या संख्येने गुणले की एकूण विक्री परत मिळते आणि मध्यकाला ही सोय नाही. एक सूचना जाता जाता करतो : आगाऊ नोंदवलेल्या मोठ्या मागण्या वहीत वेगळ्या रकान्यात लिहाव्यात. त्या आधी कळलेल्या असतात, त्यामुळे त्यांचा अंदाज बांधायची मुळात गरजच नसते.

प्रश्न : माझे यंत्रमाग आहेत. दोन व्यापाऱ्यांकडून सूत घेतो. मागणी नोंदवल्यापासून माल यायला पहिल्याचे ४, ५, ६, ५, ५ दिवस लागले, तर दुसऱ्याचे १, ९, २, ८, ५ दिवस. दोघांची सरासरी ५ दिवसच येते, तरीही दुसऱ्यामुळे माग बंद पडतात. हा फरक आकड्यात कसा दाखवावा? शिवाय संगणकावर प्रमाण विचलन काढले, तर एका सूत्राने एक आणि दुसऱ्या सूत्राने दुसरे उत्तर येते, हे काय? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : आपल्याला जे जाणवते आहे, त्याचेच शास्त्रातले नाव प्रमाण विचलन. प्रत्येक आकडा सरासरीपासून किती लांब आहे ते पाहायचे, त्या अंतरांचे वर्ग करायचे, वर्गांची सरासरी काढायची आणि तिचे वर्गमूळ घ्यायचे. पहिल्या व्यापाऱ्याची अंतरे उणे १, ०, १, ०, ० अशी असल्याने वर्गांची बेरीज २ होते. दुसऱ्याची अंतरे उणे ४, ४, उणे ३, ३, ० अशी असल्याने ती ५० होते. या बेरजेला ४ ने भागून वर्गमूळ घेतले, तर पहिल्याचे विचलन सुमारे ०.७१ दिवस आणि दुसऱ्याचे सुमारे ३.५४ दिवस येते. दुसऱ्यावर विसंबून माग चालू ठेवायचे, तर सुताचा बराच मोठा साठा पदरी बाळगावा लागेल आणि त्यात पैसा अडकेल, तेव्हा त्याचा भाव थोडा कमी असला तरी तो माल स्वस्त म्हणता येईलच असे नाही.

आता दोन उत्तरांविषयी. आकडे पाच असताना मी ५ ऐवजी ४ ने भागले, हे आपल्या लक्षात आले असेल. सरासरीपासूनच्या अंतरांची बेरीज नेहमी शून्य होते, त्यामुळे चार अंतरे समजली की पाचवे आपोआप ठरते, म्हणजे स्वतंत्र माहिती चारच अंतरांत आहे. शिवाय खरी सरासरी आपल्याला ठाऊक नसते. या पाच आकड्यांमधूनच काढलेली सरासरी या पाचांना सोयीची पडते आणि अंतरे खऱ्यापेक्षा थोडी लहान दिसतात. एकाने कमी भागल्यामुळे ती तूट भरून निघते. पाच खेपा हा फक्त नमुना असेल आणि व्यापाऱ्याच्या एकूण वागणुकीचा अंदाज हवा असेल, तर ४ ने भागणारे सूत्र वापरावे. त्या पाच खेपांपुरतेच बोलायचे असेल, तर ५ ने भागावे. तेव्हा उत्तरे ०.६३ आणि ३.१६ अशी येतील. आकडे शेकड्यांनी असतील तेव्हा या दोन सूत्रांमधला फरक नगण्य होतो.

प्रश्न : मी एमबीएच्या प्रकल्पासाठी ऑनलाइन किराणा खरेदीचे सर्वेक्षण करत आहे. मार्गदर्शक ३८५ जणांचा नमुना घ्यायला सांगतात, तर मित्र म्हणतात की शहराच्या लोकसंख्येच्या १० टक्के तरी हवेत. व्हॉट्सॲपच्या गटांमध्ये अर्ज पाठवून मी ६१० उत्तरे जमवली आहेत. ती पुरेशी आहेत का? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : आपल्या मार्गदर्शकांचा आकडा असा येतो : ९५ टक्के विश्वास पातळीसाठी (म्हणजे असे नमुने शंभर वेळा घेतले तर सुमारे ९५ वेळा अंदाज ठरलेल्या चुकीच्या आत पडावा, यासाठी) १.९६ हा गुणक घ्यायचा, होय आणि नाही म्हणणारे निम्मे निम्मे धरायचे, म्हणजे नमुना सर्वांत मोठा लागतो, आणि ५ टक्क्यांपर्यंतची चूक चालवून घ्यायची. १.९६च्या वर्गाला ०.२५ ने गुणून ०.०५च्या वर्गाने भागले की ३८४.१६ येतात, म्हणून ३८५. या गणितात शहराची लोकसंख्या कुठेच आलेली नाही, हे पाहावे. गाव २०,००० वस्तीचे असले तर लहान लोकसंख्येसाठी सूत्रात करायच्या दुरुस्तीनंतर ३७७ जण लागतात आणि राज्य कोट्यवधींचे असले तरी ३८५च. दहा टक्क्यांचा नियम ऐकायला पटतो, पण त्याला आधार नाही. मोठ्या पातेल्यातली आमटी चाखायला मोठा चमचा लागत नाही. चूक ५ वरून २.५ टक्क्यांवर आणायची असेल, तर मात्र नमुना दुप्पट करून भागत नाही, तो चौपट म्हणजे १,५३७ करावा लागतो.

आणि तरीही आपली ६१० उत्तरे पुरेशी आहेत, असे मी म्हणू शकत नाही. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण त्यासाठी शीत पातेल्यातल्या कुठल्याही जागेचे निघण्याची सारखीच शक्यता असायला हवी. वरच्यावर चमचा फिरवून काढलेली शिते कितीही घेतली, तरी तळाशी लागलेल्या भाताची त्यांना खबर नसते. आपल्या ओळखीच्या गटांमध्ये आपल्याच वयाचे, आपल्याच शिक्षणाचे आणि हातात स्मार्टफोन असलेले लोक अधिक असणार, आणि विषय ऑनलाइन खरेदीचा आहे. जे अशी खरेदी करतच नाहीत, ते आपल्या अर्जापर्यंत पोहोचण्याची शक्यताही सर्वांत कमी आहे. वरचे ५ टक्क्यांचे सूत्र यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे प्रत्येकाला सारखी संधी देऊन चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडलेल्या नमुन्यासाठीच खरे आहे.

याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण अमेरिकेतले आहे, आणि ते खरोखर बोलके आहे. १९३६च्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने दूरध्वनीच्या याद्या आणि मोटारींच्या नोंदी वापरून सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने धाडल्या. त्यांपैकी २३ लाखांच्या आसपास परत आल्या आणि त्यांवरून साप्ताहिकाने रिपब्लिकन उमेदवार लँडन यांना ५७ टक्के मते मिळतील, असे भाकीत केले. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी, तेव्हाचे अध्यक्ष रूझवेल्ट सुमारे ६१ टक्के मतांनी निवडून आले आणि लँडन यांच्या वाट्याला ४८ पैकी दोनच राज्ये आली. मंदीच्या काळात टेलिफोन आणि मोटार बाळगणारे लोक हा एक वेगळाच थर होता. त्यात ज्यांनी आपणहून मतपत्रिका परत पाठवण्याचे कष्ट घेतले, ते आणखी वेगळे. जनमत चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी त्याच निवडणुकीत त्याहून कितीतरी लहान नमुन्यावरून विजेता बरोबर सांगितला होता.

आपल्याकडचे उदाहरण मला याहूनही आवडते, कारण त्यात चूक डोळ्यांना दिसते. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी चाळीसच्या दशकात पीक कापणी प्रयोगांवर काम केले. त्याच सुमारास संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस आणि त्यांचे कोलकात्यातील सहकारी लहान लहान तुकडे कापून उत्पादनाचा अंदाज बांधत होते. लहान तुकड्यांमधून काढलेले उत्पादन सातत्याने जास्त भरते, असे सुखात्मे यांनी दाखवून दिले. कारण शेताच्या मातीत नाही, तुकड्याच्या कडेला आहे. दोरी किंवा चौकट टाकली की पिकाची काही ताटे बरोबर रेषेवर येतात. ती आत धरायची की बाहेर, हे विळा हाती असलेल्या माणसाने त्या क्षणी ठरवायचे असते, आणि भरलेले कणीस पाहून त्याचा हात ते आत घेण्याकडे वळतो. यात लबाडी असतेच असे नाही. एक मीटर लांबी-रुंदीच्या तुकड्यात एका चौरस मीटरला चार मीटर कड लागते, तर दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद तुकड्यात अवघी साठ सेंटिमीटर. तुकडा मोठा झाला की कडेवरची भांडणे तुलनेने कमी होतात. असे लहान तुकडे शंभरऐवजी हजार कापले असते, तर तीच चूक अधिक ठामपणे हाती आली असती, एवढेच.

म्हणून आपल्याला माझी सूचना अशी की ६१० उत्तरे फेकू नयेत, पण अहवालात ‘पुण्यातील ग्राहक’ असे न लिहिता ‘या गटांतून उत्तर देणारे ६१० जण’ असे लिहावे आणि वय, शिक्षण व पेशानुसार त्यांची विभागणी प्रारंभीच द्यावी. वेळ असल्यास दोन-तीन प्रभागांच्या मतदारयाद्यांमधून यादृच्छिक अंकांनी शंभरेक नावे काढून त्यांच्या दारी जावे. घर बंद असेल, तर शेजारच्या उघड्या दारात शिरू नये, पुन्हा त्याच घरी जावे, कारण दुपारी घरी सापडणारी माणसे हासुद्धा एक वेगळा थर असतो.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या ग्राहक-समाधान पाहणीत १ ते ५ गुणांच्या प्रश्नांची सरासरी ३ आली. याला ‘मध्यम समाधान’ म्हणावे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नुसत्या सरासरीवरून म्हणू नये. सगळ्यांनी ३ गुण दिले तरी सरासरी ३ येते आणि निम्म्यांनी १ व निम्म्यांनी ५ दिले तरी ३च येते. दुसऱ्या प्रकारात मध्यम समाधानी असा एकही सभासद नाही. शिवाय हे गुण म्हणजे क्रम आहे, मोजमाप नाही. ‘समाधानी’ आणि ‘अतिशय समाधानी’ यांच्यातले अंतर ‘असमाधानी’ आणि ‘तटस्थ’ यांच्यातल्या अंतराएवढेच आहे, असे कोणी मोजलेले नसते. कोणत्या पर्यायाला किती टक्के उत्तरे आली, याचा तक्ता संचालक मंडळापुढे ठेवावा.

प्रश्न : चादरी आणि टॉवेलच्या माझ्या दुकानाची जाहिरात घटस्थापनेपासून ३० दिवस रिक्षांवर लावली. खर्च १५,००० रुपये आला. आधीच्या ३० दिवसांची रोजची सरासरी विक्री १८,४०० रुपये होती, ती १९,१५० झाली. मुलगा वाणिज्य शाखेत शिकतो. त्याने चाचणी लावून पी-मूल्य ०.०३ काढले आणि म्हणाला की जाहिरातीमुळे विक्री वाढल्याची ९७ टक्के खात्री आहे. मग पुन्हा जाहिरात द्यावी का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : मुलाने वहीत आकडेमोड बरोबर केली असेल, पण ९७ टक्क्यांचा अर्थ तसा नाही. विक्रीत खरा बदल काहीच झालेला नाही असे क्षणभर धरले, तर केवळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता १०० मध्ये ३ आहे, इतकेच ०.०३ सांगते. जाहिरात परिणामकारक असण्याची शक्यता किती, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर या आकड्यात नाही. ०.०५ ही मर्यादाही काही निसर्गाने आखून दिलेली नाही. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२५च्या पुस्तकात विसात एक हे प्रमाण सोयीचे म्हणून सुचवले आणि पुढे लोकांनी त्याची वेस करून टाकली. दोन सरासरींमधला फरक तपासायला मुलाने बहुधा टी-चाचणी लावली असेल. तिचा जनक विल्यम गॉसेट हा डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कंपनीत नोकरीला होता आणि ‘स्टुडंट’ या टोपणनावाने त्याने १९०८ साली ती प्रसिद्ध केली. मोजक्याच नमुन्यांवरून निर्णय कसा घ्यावा, ही त्याची रोजची अडचण होती.

याहून मोठी गोष्ट पंचांगात आहे. घटस्थापनेच्या आधीचे ३० दिवस म्हणजे जवळजवळ सगळा भाद्रपद, आणि त्याचा दुसरा पंधरवडा पितृपक्ष. त्या दिवसांत नवी खरेदी टाळणारी घरे सोलापुरात किती असतात, हे आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता. नंतरच्या ३० दिवसांत नवरात्र, दसरा आणि दिवाळीचा बाजार आला. विक्री वाढली ती रिक्षांवरच्या फलकामुळे की सणांमुळे, हे कोणतीही चाचणी या आकड्यांवरून सांगू शकणार नाही, कारण दोन्ही एकाच दिवशी सुरू झाले. मागील दोन-तीन वर्षांच्या वह्यांमधून याच तिथ्यांची विक्री काढून पाहावी. तेव्हाही भाद्रपदाच्या तुलनेत आश्विनात अशीच वाढ दिसत असेल, तर जाहिरातीच्या पदरात फार काही पडत नाही.

समजा, सगळी वाढ जाहिरातीचीच मानली. रोजचे ७५० रुपये अधिक विकले गेले. आपला नफा आपण कळवलेला नाही. तो १२ टक्के धरला तर रोजचे ९० रुपये, म्हणजे ३० दिवसांचे २,७०० रुपये होतात, आणि खर्च १५,००० आहे. पुन्हा प्रयत्न करायचाच असेल, तर सण नसलेले दहा आठवडे घ्यावेत, दहा चिठ्ठ्या करून त्यांतल्या पाचांवर ‘जाहिरात’ असे लिहावे आणि कोणत्या आठवड्यात फलक लावायचा ते चिठ्ठी उचलून ठरवावे. रिक्षावाल्यांशी दर ठरवताना आठवड्याचा दर मागून पाहावा.